ढगे, धागे आणि नमुना ६

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत सगळे विषय इंग्लिशमधून, मराठी म्हणजे आठवड्यातले तीन-चार तास आणि परीक्षेआधीचं गाईड. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. नागरिकशास्त्र आम्हाला 'सिव्हिक्स' या नावाने होतं. त्यातली 'युनिव्हर्सल अ‍ॅडल्ट फ्रँचाइज'ची व्याख्या मी घोकून लिहिली आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले. पण मतदार यादीत नाव कसं घालतात, हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आणि मराठीकडे केलेल्या दुर्लक्षाने माझ्या मतदार कार्डावर जो घोळ घातला, तो तर पुढे येतोच आहे.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार. विधानसभेचं मतदान, म्हणून कॉलेजला सुट्टी. आम्ही आपले अकरापर्यंत झोपलो. मेसमध्ये त्या दिवशी जेवण उशिरा लागलं, कारण मावशी सकाळी मतदानाला गेल्या होत्या. वरण वाढताना त्यांनी डाव्या हाताचं बोट दाखवलं आणि विचारलं, "काय गं पोरींनो, तुमची शाई कुठंय?"

आमच्या टेबलावर एरवी नऊ जणी असतात. त्या दिवशी आठ होत्या. तिघींची नावं आपापल्या गावच्या यादीत होती, पण दुसऱ्या दिवशी सबमिशन असल्यामुळे त्या गेल्या नव्हत्या. उरलेल्या पाच जणींचं नाव कुठेच नव्हतं. त्यात मी! मावशी काही बोलल्या नाहीत, पण पोळी जरा जोरातच ताटात पडली.

नववी म्हणजे माझी रूममेट. तिचं गाव विदर्भात, रात्रभराचा प्रवास. सबमिशनची पर्वा न करता ती गेली होती. दुसऱ्या दिवशी रात्री परत आली तेव्हा आम्ही सगळ्या तिचं बोट बघायला धावलो. बोट कोरं! रांगेत पाऊण तास उभी राहून ती टेबलापाशी पोचली, तर मतदान अधिकारी म्हणाले, "ताई, तुमचं झालंय की." तिच्या नावापुढे दुसऱ्याच कुणाची तरी सही होती. ती म्हणाली मी आत्ताच आलेय, बोट बघा. ते म्हणाले आता काही करता येणार नाही. मागची रांग ओरडायला लागली. ती बाहेर आली, आईला काही न सांगता जेवली आणि बस पकडली. हे सांगताना ती रडली नाही, पण त्या रात्री तिने दिवा लवकर घालवला.

आम्ही आठही जणी भावी इंजिनियर. "अशा वेळी काय करायचं असतं?" याचं उत्तर एकीकडेही नव्हतं. उत्तर आहे, आणि ते कायद्यातच आहे. पण ते शोधता शोधता मला बाकीचंही बरंच सापडलं, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी मत कुणाला देता येतं ते बघू. आपल्या घटनेच्या कलम ३२६ प्रमाणे भारताचा नागरिक आणि १८ वर्षं पूर्ण, बस्स. शिक्षण, जात, उत्पन्न, स्त्री-पुरुष, काही आडवं येत नाही. १८ ही अट मात्र पहिल्यापासूनची नाही. आधी २१ होती. ६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली तेव्हा ती १८ झाली. आमचे बाबा १९७० चे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली आणि एकोणीस वर्षांच्या बाबांना अचानक मत मिळालं. कागदी मतपत्रिका, त्यावर शिक्का आणि घडी घालून पेटीत. शाई पुसू नये म्हणून घडी कशी घालायची याचं प्रात्यक्षिक ते अजूनही पेपरच्या कागदावर करून दाखवतात.

नागरिक हा शब्द मात्र महत्त्वाचा. आपल्या गेटवरचे काका नेपाळचे नागरिक आहेत, कितीतरी वर्षं इथे राहतात, पण त्यांना मत नाही. उलट आपली एखादी सीनियर ताई एमएस करायला जर्मनीला गेली आणि तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं नाही, तर तिचं मत शाबूत राहतं. नमुना ६-अ भरून पासपोर्टवरच्या इथल्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. फक्त मत द्यायला स्वतः यावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. न्यायालयाने मनोविकल ठरवलेली किंवा निवडणुकीतल्या भ्रष्ट आचारामुळे अपात्र झालेली व्यक्ती यादीत येऊ शकत नाही. आणि तुरुंगात असलेल्याला, अगदी खटला चालू असलेल्यालासुद्धा, मत देता येत नाही. पण तोच माणूस निवडणुकीला उभा राहू शकतो! हे वाचून मी दोनदा खात्री केली.

वय मोजायचं कोणत्या दिवशी, ही एक गंमत आहे. पूर्वी वर्षातून एकच तारीख होती, १ जानेवारी. म्हणजे ज्याचा वाढदिवस २ जानेवारीला, त्याने अख्खं वर्ष थांबायचं. २०२१ च्या कायदादुरुस्तीने चार तारखा झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. आणि १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, तेव्हा फर्स्ट इयरच्या ज्युनियर्सनी "अजून लहान आहोत" ही सबब सांगू नये.

आता आपल्या हॉस्टेलच्या दृष्टीने खरा प्रश्न: नाव कुठे घालायचं? कायदा म्हणतो की माणूस जिथे 'सर्वसाधारणपणे रहिवासी' असेल तिथे. नुसतं घर नावावर आहे म्हणून तिथला रहिवासी होत नाही आणि चार दिवस बाहेरगावी गेलं म्हणून रहिवास तुटतही नाही. मग चार-चार वर्षं हॉस्टेलवर राहणाऱ्यांचं काय? निवडणूक आयोगाने विद्यार्थ्यांना दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत. आई-वडिलांच्या पत्त्यावर किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, हवं तिथे नाव नोंदवा. अट एवढीच की कोर्स मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि हॉस्टेलचा पत्ता द्यायचा तर संस्थेचं बोनाफाइड जोडायचं.

पण एकच! दोन्हीकडे नाही. आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाने घरी नाव असताना इथेही नमुना ६ भरला, "बॅकअप म्हणून". नमुना ६ मध्ये आपण सही करून देतो की माझं नाव दुसरीकडे नाही. खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याला हे दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा ओरलमध्ये बाहेरचे एक्झामिनर दिसल्यासारखा झाला. ज्याचं नाव आधीच घरी आहे त्याने नमुना ६ नाही, नमुना ८ भरायचा. पत्ता बदलणं, चुकीची दुरुस्ती, हरवलेलं कार्ड हे सगळं आता नमुना ८ मध्येच होतं.

घर की हॉस्टेल, यावर आमच्या खोलीत बरीच भांडणं झाली. रूममेटचं म्हणणं साधं होतं. "माझी आई तिथे विहिरीवरून पाणी आणते. मी इथल्या नळाची काळजी कशाला करू?" तिने नाव गावीच ठेवलंय आणि मला ते पटतं. माझं तसं नाही. बाबांची बदलीची नोकरी, दर तीन वर्षांनी नवं शहर. हिशोब केला तर या हॉस्टेलइतका टिकाऊ पत्ता माझ्याकडे दुसरा नाही.

आणि दुसरं कारण म्हणजे गेटसमोरचा रस्ता. तिथले दिवे बंद असतात हे सगळ्यांना माहीत आहे. रेक्टर मॅडमनी मागे एकदा अर्ज दिला, तेव्हा त्या भागातल्या एका कार्यकर्त्याने त्यांना विचारलं, "मॅडम, मुली इथल्या मतदार आहेत का?" मॅडमनी हे आम्हाला हसत हसत सांगितलं. इतक्या मुली इथे राहतात, जेवतात, रात्री लायब्ररीतून त्याच अंधारातून येतात आणि यादीच्या हिशोबाने ही इमारत रिकामी! मला काही हसू आलं नाही. डिसेंबरात मी अर्ज करायला घेतला.

पहिली अडचण बोनाफाइडची. ऑफिसच्या छापील फॉर्मवर कारणांचे रकाने आहेत: पासपोर्ट, स्कॉलरशिप, बँक कर्ज, रेल्वे सवलत. मतदार नोंदणी नाही. खिडकीतले काका म्हणाले, "असं कारण आजवर कुणी दिलं नाही. रेल्वे सवलत लिहू का?" मी नको म्हटलं. मग त्यांनी 'इतर'वर खूण केली आणि दोन दिवसांनी सही-शिक्का मिळाला.

फॉर्म मी मोबाईलवरूनच भरला. आयोगाच्या वेबसाईटवर किंवा अ‍ॅपवर भरता येतो, नाहीतर कागदी फॉर्म भरून द्यायचा. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. आधार क्रमांकासाठी रकाना आहे, पण तो नसल्याचं लिहूनही अर्ज करता येतो. इंग्लिशमध्ये नाव टाईप केलं की शेजारच्या चौकटीत ते मराठीत आपोआप उमटतं. मी टाईप केलं: डी, एच, ए, जी, ई. शेजारी काय उमटलं ते बघितलंच नाही. मराठी वाचायचा कंटाळा, दुसरं काय!

पुढे चौकशीला बीएलओ येतात, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. आमच्या बीएलओ एक शिक्षिका आहेत, शाळा सांभाळून हे काम करतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा गेटवरून त्यांना आत सोडलं नाही, आणि मी प्रॅक्टिकलला. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी धावत खाली आले. "इथेच राहतेस ना गं? कोणत्या वर्षाला?" एवढंच विचारलं, बोनाफाइड बघितलं आणि पाणी पिऊन गेल्या. त्यांच्या अहवालावर आणि आठवडाभर कुणाची हरकत येते का हे पाहून मतदार नोंदणी अधिकारी निर्णय घेतात. काही आठवड्यांनी मेसेज आला, मग पोस्टाने कार्ड. तीन अक्षरं आणि सात आकडे असलेला नंबर, माझा काळवंडलेला फोटो आणि खाली मराठीत माझं आडनाव: धागे.

ढगे नाही, धागे! तेव्हापासून आख्खा मजला मला 'सुईदोरा' म्हणतो.

हसून झाल्यावर मी नावांच्या घोळाविषयी वाचायला लागले आणि एका आकड्यापाशी थांबले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या करताना, मुख्यतः उत्तरेतल्या, कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, असंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी आग्रह धरला की मतदाराचं स्वतःचं नाव हवं. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. मत देण्याचा हक्क होता आणि ते बुडालं नावावरून. माझ्या तर फक्त एका अक्षराची गोष्ट.

तेव्हा कार्ड आलं म्हणजे झालं असं समजू नका. कार्ड ही ओळख आहे, मत आहे ते यादीतल्या नावात. कार्ड खिशात आणि नाव यादीत नाही, तर मत नाही. उलट नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, फोटो असलेलं बँकेचं पासबुक यातलं काहीही चालतं. आपलं कॉलेजचं आय-कार्ड चालत नाही. निवडणूक जाहीर होण्याआधीच यादी तपासा, कारण उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालताच येत नाही. १९५० या नंबरवर फोन करून विचारता येतं. यादी वर्णानुक्रमे नसते, घरांच्या क्रमाने असते. हे ठाऊक नसल्यामुळे मी 'ढ' शोधत पूर्ण भाग पालथा घातला होता.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग, पण तो यादी विधानसभेचीच वापरतो, एका ठरावीक दिवशी होती तशी. १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. माझं नाव त्यात होतं, पण दुरुस्तीचा नमुना ८ मी आळसाने नंतर भरला. म्हणजे पहिलं मत देणार होती कुमारी धागे!

सकाळी साडेसातलाच गेले. मोबाईल खोलीत ठेवून जा, आत नेता येत नाही. पहिले मतदान अधिकारी नाव मोठ्याने वाचतात, म्हणजे तिथे बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींना आपापल्या यादीत बघता येतं. त्यांनी "धागे" वाचलं, माझ्या आधारवर "ढगे". पोटात गोळा आला. त्यांनी फोटो बघितला, वय बघितलं, म्हणाले, "टायपिंगची चूक दिसते, दुरुस्त करून घ्या," आणि सोडलं. ओळख पटत असेल तर अशा किरकोळ चुकीवरून मत नाकारायचं नसतं. दुसऱ्यांकडे सही आणि शाई. लोकसभा-विधानसभेला १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातली शाई बाटलीतून लावतात. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, त्यामुळे ती उजेडात काळी पडते. महापालिकेला मार्करने लावली, आणि त्यावरून बराच गदारोळ झाला.

मग यंत्र. अधिकारी कंट्रोल युनिटवरून मत खुलं करतात, आपण पुठ्ठ्याच्या आडोशामागे बॅलट युनिटवर निळं बटण दाबायचं, लाल दिवा लागतो, आवाज येतो. लोकसभा-विधानसभेला शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत आपल्या उमेदवाराची चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते. महापालिकेला ते यंत्र नव्हतं. पण आमच्या प्रभागात चार जागा, म्हणून मतं चार! मी एक बटण दाबून निघाले होते, अधिकारी म्हणाले, "ताई, अजून तीन राहिली." कुणीच पसंत नसेल तर शेवटचं बटण 'वरीलपैकी कोणीही नाही'. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने ते आलं.

"हॉस्टेलच्या खोलीतून मत का देता येत नाही?" असं कॉम्प्युटरवाले विचारतात. पोस्टाने मत सैनिकांना, निवडणुकीच्या ड्युटीवर असलेल्यांना, ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांना देता येतं. विद्यार्थ्यांना नाही. एकाच केंद्रातून ७२ मतदारसंघांची मतं घेऊ शकेल अशा यंत्राचा नमुना आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला होता. तो काही वापरात आला नाही. तोवर बसचं तिकीट किंवा नमुना ८, याला पर्याय नाही.

आता रूममेटचं उत्तर. आपल्या नावावर आधीच कुणी मत दिलं असेल तर परत फिरायचं नाही. केंद्राध्यक्षांकडे जायचं आणि 'टेंडर्ड व्होट' मागायचं. मराठीत प्रदत्त मत. १९६१ च्या निवडणूक नियमांत ४९-पी हा नियमच त्यासाठी आहे. ते ओळखीबद्दल प्रश्न विचारतात, समाधान झालं की कागदी मतपत्रिका देतात. यंत्रावर मत देता येत नाही. शिक्का मारलेली मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद होते. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, हे मी लपवणार नाही. पण निकालाला न्यायालयात आव्हान दिलं गेलं तर ती उघडता येते. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले. फक्त एका! त्या खटल्यात प्रदत्त मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

रूममेटला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तिथे कागद होता. मागितला असता तर दिला असता." नियमाचा नंबर तिने पाकिटातल्या आधारच्या मागे चिठ्ठीवर लिहून ठेवलाय.

माझा नमुना ८ गेलाय, या वेळी 'ढ' मी स्वतः तपासला. बीएलओ बाईंना आता गेटवरून आत सोडतात, रेक्टर मॅडमनी तसं सांगून ठेवलंय. आणि ऑफिसातल्या काकांनी बोनाफाइडच्या फॉर्मवर पेनाने एक रकाना वाढवलाय, 'मतदार नोंदणी'. खिडकी अकरा ते एक उघडी असते. एकला पाच मिनिटं कमी असताना जाऊ नका, काका चिडतात.